दक्षिणेतील दोन हंगाम : बायर्न म्युनिक आणि १९६३ची निवड

जर्मन फुटबॉल संघटनेने ६ मे १९६३ रोजी नव्या राष्ट्रीय साखळीसाठी उरलेल्या संघांची नावे जाहीर केली, तेव्हा म्युनिक शहराच्या वाट्याला आलेली एकमेव जागा टीएसव्ही १८६० या संघाला मिळाली आणि त्याच शहरातील एफसी बायर्न हा संघ दुसऱ्या श्रेणीत राहिला. पुढे जो क्लब जर्मनीतील सर्वांत यशस्वी ठरला, त्याला देशाच्या पहिल्या राष्ट्रीय श्रेणीचे पहिले दोन हंगाम बाहेर राहून काढावे लागले, ही घटना बहुधा एका सुखान्त कथेच्या रूपाने सांगितली जाते: दार बंद झाले, हाती पैसा नव्हता म्हणून कोवळ्या पोरांना खेळवावे लागले, आणि त्या पोरांतूनच बेकेनबाउअर, म्युलर आणि मायर घडले. कथा रम्य आहे, परंतु ती शेवट ठाऊक असलेल्यांनी मागाहून रचलेली आहे, आणि म्हणूनच ती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

त्यासाठी आधीची व्यवस्था समजून घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत एकसंध राष्ट्रीय साखळी नव्हती. उत्तर, पश्चिम, नैर्ऋत्य, दक्षिण आणि बर्लिन अशा पाच प्रादेशिक साखळ्या होत्या, त्यांना ‘ओबरलिगा’ म्हणत, आणि त्यांतील अग्रणी संघ हंगामाच्या अखेरीस आपसांत खेळून राष्ट्रीय विजेता ठरवीत. खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक नसत; क्लबाकडून मिळणाऱ्या मानधनावर मर्यादा असल्यामुळे बहुतेकांना दुसरी नोकरी करावी लागे. इटली आणि स्पेनमधील व्यावसायिक क्लब जर्मन खेळाडूंना ओढून नेऊ लागले होते, आणि १९६२च्या चिलीमधील विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाकडून ०-१ असा पराभव झाल्यावर जुनी व्यवस्था टिकविणे अवघड झाले. २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंड येथे भरलेल्या अधिवेशनात १०३ विरुद्ध २६ मतांनी सोळा संघांची ‘बुंडेसलिगा’, म्हणजे संपूर्ण संघराज्याची एकच साखळी, सुरू करण्याचा निर्णय झाला. सोळा जागांसाठी ४६ क्लबांनी अर्ज केले. दक्षिणेला पाच जागा मिळाल्या, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी खाली पाच प्रादेशिक ‘रेगिओनाललिगा’ निर्माण झाल्या. बायर्न त्यांपैकी दक्षिण विभागात गेला.

या निवडीविषयी आणि त्यानंतरच्या दोन हंगामांविषयी जी दोन मते संभवतात, ती येथे दोन व्यक्तींच्या मुखी घातली आहेत. एक युरोपच्या युद्धोत्तर इतिहासाचे प्राध्यापक आहेत आणि त्यांचे लक्ष संस्थांच्या निर्णयपद्धतीकडे असते. दुसरे फुटबॉलचे प्रशिक्षक आहेत, आणि त्यांना मैदानावर काय घडले याखेरीज अन्य पुरावा सहसा पटत नाही.

प्राध्यापक : प्रथम आकडे पाहावेत. १९६२-६३ या शेवटच्या हंगामात दक्षिण ओबरलिगामध्ये १८६० पहिला, न्यूर्नबर्ग दुसरा आणि बायर्न तिसरा आला. चौथा आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट, पाचवा कार्ल्सरुहे, सहावा व्हीएफबी स्टुटगार्ट. पाच जागा पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या संघाला मिळाल्या. तिसरा तेवढा वगळला गेला.

प्रशिक्षक : सर, एका हंगामाच्या क्रमांकावरून सोळा संघ निवडणे हेही न्याय्य ठरले नसते. संघटनेने बारा हंगामांचा हिशेब केला होता. १९५१ पासूनच्या प्रत्येक हंगामातील क्रमांकाला गुण दिले गेले. पहिल्या चार वर्षांचे गुण एकपट, पुढील चार वर्षांचे दुप्पट आणि शेवटच्या चार वर्षांचे तिप्पट धरले गेले, म्हणजे जुनी कामगिरी विसरायची नाही आणि ताज्या कामगिरीला अधिक वजन द्यायचे. स्टुटगार्ट १९५० आणि १९५२ मध्ये जर्मन विजेता होता, १९५४ आणि १९५८ मध्ये त्याने राष्ट्रीय चषकही जिंकला. बायर्नचे शेवटचे विजेतेपद १९३२चे. शिवाय १९५५ मध्ये हा संघ ओबरलिगामधून खाली घसरला होता. १९५५-५६ चा हंगाम त्याने दुसऱ्या श्रेणीत काढला. त्या वर्षाची त्याची पाटी हिशेबात कोरीच राहणार होती.

प्राध्यापक : हिशेब मान्य आहे; तो सर्वांना सारखा लावला गेला का, एवढाच प्रश्न आहे. बारा वर्षांच्या गुणांत बायर्न १८६०च्या पुढे होता. तरीही जागा १८६०ला मिळाली, कारण तो त्या वर्षीचा प्रादेशिक विजेता होता, आणि एका शहरातून दोन संघ घ्यायचे नाहीत असे संघटनेने ठरविले होते. म्हणजे स्टुटगार्टच्या बाबतीत बारा वर्षे मोजली गेली, म्युनिकच्या बाबतीत एकच. त्याहून गंभीर बाब अशी की पहिल्या नऊ संघांची नावे ११ जानेवारी १९६३ रोजीच, म्हणजे हंगाम अर्ध्यावर असताना, जाहीर झाली. न्यूर्नबर्ग आणि फ्रँकफुर्ट त्या नऊ जणांत होते. वसंत ऋतूतील त्यांच्या सामन्यांवर त्यांचे काहीच अवलंबून नव्हते, आणि त्यांच्याशी खेळणाऱ्या बाकीच्या संघांचे मात्र सर्वस्व पणाला लागलेले होते. अशा स्पर्धेला स्पर्धा म्हणणे कठीण आहे.

जानेवारीच्या यादीविषयीचा हा आक्षेप प्रशिक्षकांनी खोडून काढला नाही; खेळाच्या दृष्टीनेही त्याचे समर्थन होऊ शकत नाही, हे त्यांना दिसत होते. त्यांनी वेगळी वाट धरली. नियम कितीही सदोष असला, तरी १९६३ मधील बायर्न हा वगळण्याजोगा संघ होता की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्यांच्या मते महायुद्धानंतरच्या अठरा वर्षांत या क्लबाने राष्ट्रीय पातळीवर मिळविलेले एकच मोठे यश म्हणजे १९५७चा चषक होय. तो अंतिम सामना आउग्सबुर्ग येथे झाला, फोर्टुना ड्युसेलडॉर्फवर १-० असा विजय मिळाला, आणि त्यापलीकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते.

प्राध्यापक : त्या रिकाम्या वर्षांचे कारण मोजपट्टीत कोठेच नोंदले गेले नाही. १९३२चे विजेतेपद मिळाले, तेव्हा क्लबाचे अध्यक्ष कुर्ट लांडाउअर होते आणि प्रशिक्षक रिचर्ड डोम्बी, दोघेही ज्यू. न्यूर्नबर्गमध्ये फ्रँकफुर्टला २-० हरवून मिळविलेला तो विजय साजरा होऊन वर्षही उलटले नाही, तोच नाझी सत्तेवर आले आणि मार्च १९३३ मध्ये लांडाउअर यांना अध्यक्षपद सोडावे लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर झालेल्या अत्याचारांनंतर त्यांना दाखाउच्या छळछावणीत डांबण्यात आले. १९३९ मध्ये ते स्वित्झर्लंडला निघून गेले. त्यांच्या भावंडांपैकी बहुतेकांची हत्या झाली. १९४७ मध्ये ते परत आले, आणि त्याच शहरात, त्याच क्लबाचे अध्यक्षपद त्यांनी पुन्हा स्वीकारले. १९५१ पर्यंत ते त्या पदावर होते. एका क्लबाचा कणा कोणी मोडला आणि तो पुन्हा उभा राहायला किती काळ लागला, हे ठाऊक असताना हिशेबाची सुरुवात नेमकी १९५१ पासून करणे म्हणजे त्याच्या आधीचे सारे सर्वांना सारखेच गेले असे गृहीत धरणे होय.

प्रशिक्षक : येथे सावधगिरी बाळगली पाहिजे, सर. लांडाउअर यांच्यावरील अन्याय निर्विवाद आहे आणि त्यांचे परत येणे हे जर्मन क्रीडा-इतिहासातील फार मोठे कृत्य आहे. परंतु १९५५ मधील घसरण १९३३ मुळे झाली, असे म्हणायला सरळ पुरावा नाही. युद्धोत्तर म्युनिकमधील दोन्ही क्लबांना ग्रुनवाल्डर रस्त्यावरचे तेच नगरपालिकेचे मैदान वाटून घ्यावे लागत होते, दोन्हींना पैशाची चणचण होती, आणि १८६०चा संघही त्या दशकात दुसऱ्या श्रेणीत जाऊन आला होता.

प्रशिक्षकांचा हा इशारा योग्यच आहे. क्लबाच्या शोकान्त भूतकाळाला पुढील प्रत्येक अपयशाचे कारण ठरविणे हा त्या भूतकाळाचाच उपमर्द ठरतो. तरीही प्राध्यापकांच्या म्हणण्यातील एक भाग उरतो, आणि तो महत्त्वाचा आहे: मोजपट्टी कोठून सुरू करायची, हे ठरविणारे लोक कोणता इतिहास मोजायचा नाही हेही नकळत ठरवीत असतात. जर्मन फुटबॉलने लांडाउअर यांचे नाव त्यानंतरही कित्येक वर्षे फारसे घेतले नाही.

निवडीचा प्रश्न येथे सोडून संवाद मैदानाकडे वळला, आणि प्रशिक्षकांचा सूर बदलला.

प्रशिक्षक : १९६३-६४च्या रेगिओनाललिगा दक्षिणमध्ये वीस संघ होते, म्हणजे प्रत्येकाला ३८ सामने. फ्युर्थ, ऑफेनबाख, रॉयटलिंगन, श्वाइनफुर्ट, हेसन कासेल, असे सगळे त्या विभागातील जुने, कसलेले क्लब. बायर्नचे अध्यक्ष विल्हेल्म नॉयडेकर हे बांधकाम व्यावसायिक होते आणि निर्णय घेताना ते कचरत नसत. त्यांनी दुसऱ्या श्रेणीतल्या आपल्या संघासाठी झ्लात्को चायकोव्स्की यांना आणले. युगोस्लाव्हियाकडून खेळलेल्या या माणसाने १९६२ मध्ये एफसी कोलोनला जर्मन विजेतेपद मिळवून दिले होते. चायकोव्स्कींना आक्रमक खेळ प्रिय होता; बचाव घट्ट करून एका गोलाने जिंकण्यात त्यांना रस नव्हता. अशा प्रशिक्षकाला पहिल्या श्रेणीत, दर शनिवारी घसरणीची टांगती तलवार असताना, विशीच्या आतल्या मुलांवर संघ उभारता आला असता का?

प्राध्यापक : आपण उत्तर गृहीत धरूनच प्रश्न विचारीत आहात. शिवाय एक गोष्ट आपल्याच तोंडून निघाली: जर्मन विजेत्या संघाचा प्रशिक्षक दुसऱ्या श्रेणीत आणणारा क्लब निर्धन नव्हता, निदान त्याच्या महत्त्वाकांक्षा निर्धन नव्हत्या. ‘पैसा नव्हता म्हणून पोरे खेळली’ ही कथा येथेच अर्धी होते. आणि त्या पहिल्या हंगामाचे फळ काय मिळाले?

फळ अर्धेच मिळाले. त्या वर्षी दक्षिण विभागात हेसन कासेल विजेता ठरला आणि बायर्न दुसरा. रेगिओनाललिगामधून वर जाण्याची पद्धत येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्या काळी विभागीय विजेत्याला थेट बढती मिळत नसे. पाचही विभागांतील अग्रणी संघ चार-चारांच्या दोन गटांत विभागले जात, प्रत्येक गटात घरच्या आणि परक्या मैदानावर मिळून सहा सामने होत, आणि केवळ गटविजेता बुंडेसलिगात जाई. आठांपैकी दोन वर, सहा परत. बायर्नच्या गटात हॅम्बुर्गचा सेंट पाउली, बर्लिनचा टास्मानिया आणि झारलँडमधील बोरुसिया नॉयनकिर्शन हे संघ होते. ६ जून १९६४ रोजी सेंट पाउलीविरुद्ध हॅम्बुर्गमध्ये बायर्नने ४-० असा विजय मिळविला. त्या सामन्यात डाव्या बगलेवर अठरा वर्षांचा फ्रान्झ बेकेनबाउअर प्रथमच मुख्य संघाकडून खेळला आणि त्याने एक गोलही केला. तो एका विमा कंपनीत उमेदवारी करणारा तरुण होता. गट मात्र नॉयनकिर्शनने जिंकला.

प्राध्यापक : नॉयनकिर्शनच्या विजयाकडे म्युनिकची कथा सांगणारे पाहतच नाहीत. कोळसा आणि पोलाद यांवर जगणारे ते छोटे शहर. १९६३ मध्ये नैर्ऋत्य विभागाच्या दोन जागांपैकी एक झारब्रुकनला मिळाली, आणि त्या हंगामात झारब्रुकनच्या वरच्या क्रमांकावर असलेला नॉयनकिर्शन वगळला गेला. म्हणजे बायर्नइतकाच, किंबहुना बायर्नहून अधिक, त्याच्यावर अन्याय झाला होता. त्याने एका वर्षात मैदानावर त्याची भरपाई करून घेतली, तीही बायर्नला मागे टाकून. आणि झारब्रुकन? बुंडेसलिगाच्या पहिल्याच हंगामात तो सोळावा, म्हणजे शेवटचा आला आणि खाली गेला.

प्रशिक्षक : मग व्यवस्थेने स्वतःची चूक स्वतःच सुधारली, असे म्हणावे लागेल. चूक झाली, दोन वर्षांत ती मैदानाने दुरुस्त केली.

प्राध्यापक : नॉयनकिर्शन आणि बायर्न यांच्या बाबतीत केली. कासेलच्या बाबतीत?

या प्रश्नाला प्रशिक्षकांनी तेथे उत्तर दिले नाही. १९६४-६५चा हंगाम सांगितल्याखेरीज ते देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या हंगामाविषयी ते मनापासून बोलले, आणि येथे त्यांचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे द्यायला हवे, कारण या विषयाचा गाभा या एका वर्षात आहे.

प्रशिक्षक : १९६४च्या उन्हाळ्यात नोर्डलिंगन या लहान गावातून गेर्ड म्युलर नावाचा एकोणीस वर्षांपेक्षा लहान, ठेंगणा, भरीव मांड्यांचा आघाडीपटू आला. चायकोव्स्कींना तो प्रथमदर्शनी पसंत नव्हता. त्यांच्या मते असे शरीर फुटबॉलला साजेसे नव्हते, आणि पहिले काही महिने त्यांनी त्याला बसवून ठेवले. ऑक्टोबरमध्ये फ्रायबुर्गर एफसीविरुद्ध त्याला खेळविले, तो सामना बायर्नने ११-२ असा जिंकला, आणि त्यानंतर प्रश्न मिटला. म्युलरने त्या हंगामाच्या साखळीत २६ सामन्यांत ३३ गोल केले. तरीही तो संघातला सर्वाधिक गोल करणारा नव्हता! राइनर ओल्हाउझरने ४२ गोल केले. एकूण ३६ सामन्यांत बायर्नचे गोल १४६ झाले, म्हणजे सामन्यामागे चाराहून अधिक. मागे गोलरक्षक झेप मायर विशीतला, मध्यभागी सरकलेला बेकेनबाउअर एकोणिसाव्या वर्षात. हे आकडे केवळ प्रतिस्पर्धी दुबळे असल्याने आले, असे कोणी म्हणेल. पण मोकळ्या जागेत चेंडू कधी सोडायचा आणि कधी स्वतः घेऊन पुढे सरायचे, हे बेकेनबाउअर अशाच सामन्यांत शिकला. बचाव करणाऱ्यांच्या गर्दीत अर्ध्या पावलाची जागा शोधणे म्युलर अशाच सामन्यांत शिकला, कारण दुबळे संघ सगळेच्या सगळे मागे येऊन गोलासमोर उभे राहतात. तरुण खेळाडूला चुकण्याची मुभा असलेले सामने हवे असतात. ते सामने त्या श्रेणीने पुरविले.

या युक्तिवादातील तांत्रिक भाग पटण्यासारखा आहे. पुढील दशकभर म्युलरने युरोपातील बचावफळ्यांसमोर जी कला दाखविली, तिचे मर्म अत्यंत लहान जागेत वळणे हे होते, आणि ती कला गर्दीतच आत्मसात होते. परंतु प्राध्यापकांनी तिच्या मुळाशी असलेल्या योगायोगाकडे लक्ष वेधले.

प्राध्यापक : तो आघाडीपटू १८६०ही मिळवू पाहत होता; बायर्नची माणसे थोडी आधी पोहोचली, एवढेच. बेकेनबाउअर तर लहानपणी १८६०कडेच जाणार होता. पोरवयातील एका सामन्यात १८६०च्या खेळाडूने त्याच्या थोबाडीत मारली आणि त्याने विचार बदलला, असे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. म्हणजे दोन्ही जण १८६०चे झाले असते, तर आज हीच श्रेणी, हेच हंगाम, हेच प्रशिक्षक असूनही बायर्नची कथा कोणी सांगितली नसती. मग घडविले कोणी? दुसऱ्या श्रेणीने की एका थपडेने?

प्रशिक्षक : गुणी मुले अनेक क्लबांकडे येतात, सर. ती संघात कधी येतात, हे क्लब ठरवितो. १८६०कडे त्या वर्षांत माक्स मेर्केल यांच्यासारखा करडा प्रशिक्षक होता आणि तयार, अनुभवी संघ होता. त्या संघाने १९६४चा चषक जिंकला, १९६५ मध्ये वेम्बली येथे युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळला, १९६६ मध्ये तो जर्मनीचा विजेता झाला. तेथे एकोणीस वर्षांच्या मुलाला जागा कोठे होती?

प्राध्यापक : म्हणजे वगळला गेलेला क्लब भाग्यवान, आणि निवडला गेलेला अभागी?

प्रशिक्षक : तीन वर्षांत चषक, युरोपीय अंतिम फेरी आणि विजेतेपद मिळविणाऱ्या संघाला अभागी म्हणता येणार नाही. पण तो संघ म्हातारा होत गेला आणि १९७० मध्ये खाली गेला, हे खरे आहे.

१९६५च्या बढती फेरीत बायर्नच्या गटात आखेनचा आलेमानिया, बर्लिनचा टेनिस बोरुसिया आणि तोच झारब्रुकन हे संघ होते. जूनच्या अखेरीस टेनिस बोरुसियाला त्याच्याच शहरात ८-० असे हरवून बायर्नने गट जिंकला. दुसऱ्या गटातून बोरुसिया मोन्शनग्लाडबाख वर आला. पुढील बारा वर्षांतील बहुतेक जर्मन विजेतेपदे ज्या दोन क्लबांत वाटली गेली, ते दोन्ही एकाच उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीतून बाहेर पडले होते. आणि एका शहरातून एकच संघ, हे तत्त्व? १९६५ पासून म्युनिकचे दोन संघ बुंडेसलिगात खेळू लागले, आणि त्यामुळे कोणाचेही काही बिघडले नाही. ज्या तत्त्वाच्या आधारे एका क्लबाला बाहेर ठेवले, ते तत्त्व दोनच वर्षांत निरर्थक ठरले, यावरून त्याची योग्यता समजते.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक निर्णय झाला, आणि तो दोघांनीही आपापल्या बाजूने वापरला. खेळाडूंना मर्यादेबाहेर पैसे दिल्याबद्दल हेर्था बर्लिनला बुंडेसलिगामधून काढण्यात आले. भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनचा एकही संघ राष्ट्रीय साखळीत नसणे राजकीयदृष्ट्या गैरसोयीचे होते. म्हणून बढती फेरीही न खेळलेल्या टास्मानिया या क्लबाला थेट वर घेण्यात आले आणि साखळी अठरा संघांची करण्यात आली. टास्मानियाने त्या हंगामात ३४ पैकी दोन सामने जिंकले, २८ हरले, १५ गोल केले आणि १०८ स्वीकारले. जानेवारी १९६६ मधील त्याच्या एका सामन्याला ८२७ प्रेक्षक होते.

प्रशिक्षक : न कमावलेली जागा संघाला कशी गिळते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. बायर्नने आपली जागा कमावली होती. म्हणून पहिल्याच हंगामात तो तिसरा आला आणि चषकही जिंकला.

प्राध्यापक : पुरावा आहे, पण तो खेळाडूंविरुद्ध नाही. जूनपर्यंत ज्यांना सांगितले गेले होते की तुम्ही दुसऱ्या श्रेणीत खेळणार, त्यांना काही आठवड्यांत देशातील सर्वोत्तम संघांसमोर उभे करणाऱ्यांविरुद्ध तो आहे. १९६३ची यादी आणि १९६५ची बर्लिनची जागा या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत: जागा मैदानाबाहेर वाटायच्या आणि परिणाम मैदानावरील लोकांनी भोगायचे.

प्राध्यापकांनी येथे महाराष्ट्रातील एका प्रसंगाची आठवण करून दिली, आणि ती अस्थानी नव्हती. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी दुसऱ्या श्रेणीतून खेळत खेळत २००९-१०च्या हंगामात आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय साखळीत पोहोचला आणि २०१२-१३ मध्ये तेथे उपविजेता ठरला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही त्या वेळी बंदिस्त असलेली साखळी सुरू झाली. बंदिस्त म्हणजे जिच्यात खेळून वर येता येत नाही आणि हरून खाली जावे लागत नाही, केवळ जागा विकत घ्यावी लागते. पुण्याची जागा एका नव्या संघाला मिळाली. पुणे एफसी थोड्याच काळात बंद पडला. नवा संघही २०१९ मध्ये विसर्जित झाला. बालेवाडीच्या मैदानावर ज्यांनी पहिल्या संघाला दुसऱ्या श्रेणीपासून पाहिले होते, त्यांच्यापाशी आज दोहोंपैकी एकही नाही. जर्मनीत १९६३ मध्ये बायर्नवर अन्याय झाला, परंतु त्याला खालून वर येण्याची वाट मोकळी होती. पुण्याच्या क्लबाला ती वाटच नव्हती. दोन्ही प्रसंगांतील हा फरक मोठा आहे, आणि प्रशिक्षकांनी तो तत्काळ पकडला.

प्रशिक्षक : मग सर, आपणही मान्य करता की वाट मोकळी असणे हे प्रथम निवड अचूक असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे?

प्राध्यापक : मान्य. पण वाट किती रुंद होती, हे पाहिले पाहिजे. म्हणूनच कासेलचा प्रश्न अजून शिल्लक आहे. १९६४ मध्ये हेसन कासेलने ३८ सामन्यांच्या हंगामात बायर्नला मागे टाकले. त्यानंतर सहा सामन्यांच्या गटात हानोफर सरस ठरला आणि कासेल जेथे होता तेथेच राहिला. १९६५ मध्ये रॉयटलिंगन दक्षिणेत दुसरा आला, त्याच्या गटात मोन्शनग्लाडबाख होता, तोही राहिला. या दोन क्लबांना बुंडेसलिगा आजवर दिसलेली नाही. तीन वेळा जर्मन विजेता राहिलेल्या फ्युर्थला ती पाहायला २०१२ साल उजाडावे लागले. दुसऱ्या श्रेणीने घडविले असते, तर तिने या सगळ्यांना घडविले असते.

प्रशिक्षक : सगळ्यांना घडविते, असा दावा नाही. ती वेळ देते. नॉयडेकर आणि चायकोव्स्की यांनी त्या वेळेचे काय केले, हे सांगितले. कासेलला तो मार्ग खुला होता. हानोफरने त्याला हरविले.

प्राध्यापक : ३८ सामन्यांत सिद्ध केलेले सहा सामन्यांत पुन्हा सिद्ध करायला लावणे, हा खुला मार्ग?

प्रशिक्षकांनी येथे प्रथमच पूर्ण माघार घेतली. लांब हंगाम हा संघाची खोली तपासतो आणि छोटी फेरी त्या आठवड्यांतील तंदुरुस्ती, दुखापती आणि नशीब तपासते, हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असते, असे सांगून त्यांनी कबूल केले की १९६३च्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष निवडीच्या यादीत नव्हता, तिच्या खाली बांधलेल्या जिन्यात होता. यादी एकदाच चुकली. जिना मात्र अकरा वर्षे दरसाल विजेत्यांना परत पाठवीत राहिला. १९७४ मध्ये रेगिओनाललिगांचा तो दुसरा स्तर रद्द करून उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांची दुसरी बुंडेसलिगा सुरू करण्यात आली, आणि प्रत्येक गटातील विजेत्याला बढती फेरी न खेळता थेट वर जाता येऊ लागले. त्या वर्षी म्युनिकमध्ये मायर, बेकेनबाउअर आणि म्युलर यांनी विश्वचषक जिंकला. कासेलचा संघ १९८०च्या दशकात नव्या दुसऱ्या श्रेणीत आला. १९८५ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी तो तक्त्यात सर्वांत वर होता, आणि न्यूर्नबर्गमधील सामना हरल्यामुळे बुंडेसलिगा पुन्हा हुकली. तो पराभव मैदानावरचा होता, पूर्ण हंगाम खेळून झालेला होता, आणि त्याविषयी दोघांपैकी कोणालाही तक्रार करायची नव्हती.